वहिनींना आधी कळलं

शालिनी उमाळकरला नवऱ्याचा आजार कळला तो शेजारच्या अनुराधाच्या तोंडून, बिट्टन मार्केटात मेथी निवडताना.

"भाऊजींची बायोप्सी गुरुवारीच ना?" अनुराधाने सहज विचारलं.

शालिनी "हो" म्हणाली आणि भाजी न घेताच घरी आली.

उमाळकर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, मोजकंच बोलणारे. रात्री सारखे लघवीला उठत. तिने विचारलं की "वय झालं" म्हणून विषय मिटवत.

"तिला सांगितलंत, मला नाही," ती म्हणाली.

"अनुराधावहिनींच्या अशोकरावांनाही प्रोस्टेटचंच होतं. डॉक्टर कोण, एवढंच विचारायला गेलो होतो. वहिनींनी बजावलं, आधी रक्ताची पीएसए तपासणी करा. ती वाढलेली निघाली. तुला उगाच घोर नको म्हणून..."

"घोर माझा आहे. तो तिला कशाला दिलात?"

गुरुवारी ती सोबत गेली. बायोप्सीत कर्करोग निघाला. पुढच्या तपासण्यांत मात्र तो बाहेर कुठे पसरलेला दिसला नाही. डॉक्टर म्हणाले, "रात्रीचं उठणं बहुधा ग्रंथी वाढल्यामुळे असेल. हा आजार सुरुवातीला काही जाणवू देत नाही. तपासणी केलीत म्हणून सापडला."

अशोकरावांचा सापडला तेव्हा हाडांत पोचला होता. म्हणजे अनुराधाने जोर केला नसता तर? या विचाराने शालिनी आणखीच जळली. आता त्या बाईवर धड रागावताही येईना. अनुराधाने पाठवलेली खिचडी तिने कामवालीला दिली आणि डबा घासून, स्वतःचे लाडू भरून परत केला.

रेडिएशन सुरू झालं, जोडीला हार्मोनचं इंजेक्शन. एके दिवशी ऐन थंडीत उमाळकर घामाघूम होऊन पंख्याखाली बसले.

"शालू, अंगातून वाफा निघतात गं. इंजेक्शनमुळे होतं म्हणे. पाळी जाताना तुलाही असंच व्हायचं ना?"

त्यांच्या ते लक्षात होतं, हेच तिला नवीन होतं. तिने ओला नॅपकिन पिळून त्यांच्या मानेवर ठेवला.

"चहा कमी करा. सुती बनियन घाला." मग राहवलं नाही. "वहिनींना विचारलंत का?"

"हे त्यांना कसं विचारणार?"

शालिनीला हसू आलं, ते तिने दाबलं.

उपचार संपल्यावर पीएसए खाली आल्याचा रिपोर्ट मिळाला. उमाळकर चपला शोधू लागले, तोवर शालिनी अनुराधाच्या दारात पोचली होती. ही बातमी तरी तिला स्वतःच्या तोंडून सांगायची होती.