जावयाच्या जॅकेटचा आहेर

डिंगोऱ्याच्या साखरपुड्यात आमच्या ह्यांनी जावयाचं जॅकेट हरवलं, असं नातेवाइकांत फिरतंय. हरवलेलं नाही. फोनवर सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहिते. तिकडे जाणाऱ्यांना रस्त्याचीही माहिती मिळेल.

जॅकेट लोकरीचं, लाल-हिरव्या मोठ्या चौकड्यांचं, आत भरण घालून गोधडीसारख्या टिपा मारलेलं. जावई ते आमच्याकडे विसरले होते आणि रविवारी संध्याकाळी न्यायला येणार होते. शनिवारी पहाटे ह्यांनी ते अंगात चढवलं. "डिसेंबर आहे, जुन्नरला थंडी असते."

नारायणगावला हायवे सोडला. तिथे मिसळ खा. तिखट असते, पण पाव ताजे. लेण्याद्रीच्या पायऱ्या ऊन चढायच्या आत चढा आणि हातात पिशवी ठेवू नका, माकडं हिसकावतात. दुपारी डिंगोऱ्याला पोचलो. साखरपुडा ह्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या नातीचा.

मांडवात उकडायला लागलं. ह्यांनी जॅकेट काढलं, नीट घडी केली आणि स्टेजवर ठेवलं. कुठे? आहेराच्या शालींच्या ढिगावर. तेवढ्यात माईकवाला ओरडला, "मुलीचे मामा, किसनमामा, पुढं या राव! मानाचा आहेर घ्या!" यजमानांनी वरची घडी उचलली, मामांना कुंकू लावलं आणि खांद्यावर जॅकेट घातलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनीसुद्धा.

मी स्टेज गाठेपर्यंत मामा जीपमध्ये बसून आंबेगावकडे निघालेसुद्धा. यजमानांनी हात जोडले. "ताई, कुंकू लागलं. आता मी कोणत्या तोंडानं मागू?"

"तुम्ही नका मागू. पत्ता द्या."

जुन्नरला मुक्काम केला. लॉज साधा, पण गरम पाणी मिळालं. सकाळी घोडेगाव, तिथून डिंभे धरणाच्या कडेनं वर. वळणं फार आहेत. पेट्रोल घोडेगावलाच भरा.

किसनमामा ओट्यावर जॅकेट घालून घामाघूम बसले होते. मी सरळ सांगितलं, वस्तू जावयाची आहे, चुकून गेली.

"आवं ताई," मामा म्हणाले, "ह्ये घालून गोठ्यात गेलो तर बैलानं वळखलंच न्हाई. दावं तोडाया बघत व्हता."

"कालपास्नं म्हणतेय काढा," मामी आतून म्हणाल्या. "तर म्हणत्यात, मानाचं हाय!"

"मग द्या ना परत," हे म्हणाले.

मामा गंभीर झाले. "दिला आहेर परत करायचा म्हंजी त्यांचा अपमान. आमी न्हाई करणार." आता सगळं संपलं असं वाटलं. मग मामा मिशीत हसले. "पन पावण्यांना आहेर कराया कोण नको म्हणतंय?"

पाट मांडला. ह्यांना बसवलं, कुंकू लावलं, टोपी घातली आणि जॅकेट खांद्यावर टाकलं. मामींनी माझी ओटी घरच्या वासाच्या तांदळानं भरली. रिकाम्या हातानं उठणं मला शोभलं नसतं. अंगावरची शाल काढून मी मामांना पांघरली. चांगली शाल होती. तीन वर्षं जपली होती.

"ही बरी," मामा म्हणाले. "बैल बिचकायचा न्हाई."

संध्याकाळी सहाला घरी पोचलो. सहल चांगली झाली, हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

सुपूर्द केल्याची नोंद: किसनमामांना, मरून लोकरी शाल एक. जावयांना, जॅकेट एक, टिपा शाबूत, कॉलरवर कुंकू. सोबत डोंगरातला तांदूळ, दोन किलो. तांदळाचा वास घेतल्यावर जावयांनी कुंकवाबद्दल विचारलं नाही.