बत्तीस वेळा ‘नाही’

कारभारीभाऊ विम्याचे पैसे खातात, हा संशय पंधरा दिवस माझ्या डोक्यातून जात नव्हता. परवा त्यांची बस मुक्तिनाथला निघणार आणि तीत माझी पल्लवी आहे. बावीस वर्षांची, लहानपणापासून दमा. बर्फाचे डोंगर बघायचा हट्ट तिचा. पण म्हाताऱ्यांच्या यात्रेसोबत गेली तर जपून राहील, म्हणून कारभारीभाऊंचं नाव मीच सुचवलं होतं.

ते आमच्याच कॉलनीत राहतात, मूळचे नामपूरचे. सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथ चालवली. डाव्या तर्जनीचं एक पेर तिथेच गेलं. निवृत्त झाल्यापासून दर वर्षी बत्तीस माणसं घेऊन नेपाळला जातात. यादी वाचत नाहीत, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजतात. कोणाला घाटात उलटी होते, कोणाला साबुदाणा सोसत नाही, सगळं पाठ. लोकांचा त्यांच्यावर फार विश्वास. मला मात्र एवढंच दिसत होतं, की विम्याचे माणशी अठराशे घेतात आणि कागद कोणालाच दाखवत नाहीत.

आज संध्याकाळी मी सरळ त्यांच्या घरी गेले. तीन वर्षांपूर्वी झुंबरबाईंना वर धाप लागली आणि हेलिकॉप्टरनं खाली आणावं लागलं, हे कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे. त्याचे पैसे कोणी भरले, असं मी विचारलं.

ते हसले. “ताई, तुम्ही पोलिसात पाहिजे होत्या.”

उत्तर त्यांच्या बायकोनं, सुलाबाईंनी दिलं. हेलिकॉप्टर आणि दवाखाना मिळून पावणेचार लाख, यांच्या फंडातले. विमा कंपनीनं एक रुपया दिला नाही.

मला लाज वाटली. पण विमा होता, तर कंपनीनं दिले का नाहीत? कारभारीभाऊंनी पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. बत्तीसही जणांच्या पॉलिसी, पैसे भरल्याच्या पावत्या, मागे टाचलेल्या फॉर्मच्या प्रती. एका पैचा घोळ नाही. मी तरीही एकेक फॉर्म बघत गेले. ‘आधीचे आजार’ या रकान्यात पहिल्यावर ‘नाही’, दुसऱ्यावर ‘नाही’. बत्तीस फॉर्म, एकच हस्ताक्षर. पल्लवीच्या फॉर्मवरही तेच.

त्यांची रीतच तशी आहे. निघायच्या काही दिवस आधी पंचवटीत यात्रेचा नारळ फोडला, की परत येईपर्यंत कोणी आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही. त्याच दिवशी घरी येऊन ते सगळ्यांचे फॉर्म स्वतः भरतात.

“झुंबरबाईंना बीपीची गोळी चालू होती ना?” मी विचारलं.

“होती. अन् तिनं ते तिथल्या डॉक्टरला सांगून टाकलं, त्यानं कागदावर लिहिलं. तिथंच घोटाळा झाला. या टायमाला सगळ्यांना बजावलंय, डॉक्टरनं विचारलं तर काही नाय म्हणायचं.”

“पल्लवीलाही?”

“तिला आधी. पोरगी हुशार आहे, लगेच समजली.”

त्यांच्या चेहऱ्यावर लपवाछपवीचं चिन्ह नव्हतं. चोर निघाले असते तर मी भांडले असते. चहा घेऊन मी घरी आले. निघताना पल्लवीच्या पॉलिसीचा तेवढा फोटो काढून घेतला.

रात्री पल्लवीची बॅग उघडली. इनहेलर लोकरीच्या मोज्यात, मोजा टोपीत. ती दारात उभी होती. म्हणाली, “आई, तू आता कुठे बोलू नकोस. मला बसमधून उतरवतील.”

ती झोपली आहे. मी मघापासून हे लिहीत बसले आहे आणि अधूनमधून तिच्या श्वासाकडे कान देते आहे. पॉलिसीवर कंपनीचा चोवीस तास चालणारा नंबर आहे. दमा सांगितला तर जास्त पैसे मागतील, नाहीतर विमाच रद्द करतील. मग ती जाणार नाही आणि मला लवकर माफही करणार नाही. फॉर्म कोणी भरला, हेही विचारतील. कारभारीभाऊंचं नाव सांगावं लागेल, आणि मग उरलेल्या एकतीस जणांचंही निघेल.

निघू दे. फोटो उघडून ठेवला आहे. हे पान संपलं की नंबर लावते.