कोनशिलेआडचा वारा

लातूरपासून तासाभराच्या अंतरावर एक छोटी धावपट्टी आहे. तिथे पोरं विमान चालवायला शिकतात. दोन वर्षांपूर्वी तिथे दिल्लीहून संशोधन आलं. म्हणजे खरोखरच आलं, तीन गाड्यांतून, सोबत फ्लेक्स घेऊन. हवाई सुरक्षेसाठी स्वदेशी वारामापक यंत्र बनवायचं आणि त्याचे आकडे नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर दाखवायचे, असा तो सरकारी प्रकल्प होता. मी नांदेडला आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवून लातूरला स्वस्थ बसलो होतो. मला ‘स्थानिक निरीक्षक’ नेमलं. काम एवढंच, की दर तासाला पडद्यावरचा वारा आणि खांबावरचा वारा रजिस्टरात शेजारी शेजारी लिहायचा.

खांबावरचा वारा म्हणजे विंडसॉक. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची, दोन्ही तोंडं उघडी असलेली कापडी पिशवी. वारा भरला की ती फुगते आणि वारा कुठे चाललाय ते दाखवते. ती एक टेलर मास्टर शिवायचे. मूळ गाव किल्लारी. भूकंपानंतरच्या छावणीत ताडपत्र्या शिवता शिवता जाड कापडावर त्यांचा हात बसला. आता घर धावपट्टीच्या पूर्वेच्या टोकाला, कुंपणाला लागून. विंडसॉकला ते बाही म्हणत. “माणूस न्हाई, नुसती बाही. लई सोपं काम, सर. ट्रायलला कुणी येत न्हाई.”

यंत्राचं उद्घाटन हिवाळ्यात झालं. वारामापक मोकळ्या जागी, दहा मीटर उंचीवर हवा, असं प्रकल्पाच्याच पुस्तिकेत छापलं होतं. पण दहा मीटरवर मान्यवरांचा हात पोचत नाही, आणि चेहरा व यंत्र एका फोटोत मावत नाहीत. म्हणून खांब छातीइतका ठेवला. पश्चिमेच्या बाजूला, अगदी खेटून, कोनशिला उभी केली. आधी तिच्यावर चार नावं होती. ज्यांची राहिली ते रुसले, आणि शिला वाढत वाढत भिंत झाली. आठ फूट उंच, काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. संशोधकांची नावं तळाला, गवत वाढलं की झाकली जातील अशी. भाषणात प्रकल्पप्रमुख साहेब म्हणाले, “आता चिंध्यांचं युग संपलं.”

मास्टर माझ्या शेजारी उभे होते. “चिंधी म्हणले का, सर? डबल शिलाई हाय तिला.”

हिवाळाभर वारा पूर्वेचा होता. यंत्राने त्याचे आकडे बिनचूक दिले आणि साहेबांनी दोन परिषदा गाजवल्या. मग उन्हं तापली आणि वारा पश्चिमेकडून सुटला. बाही ताठ, पडद्यावर शून्य. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी साहेबांना फोन केला. “जुन्या पद्धतीत एरर असते, सर,” ते म्हणाले, आणि मला एक व्हिडिओ पाठवला. त्यात साहेब स्वतःच बोलत होते.

एका दुपारी मास्टर बाही बदलायला आले. काम आटोपून ते भिंतीच्या सावलीत यंत्राशेजारी टेकले आणि त्यांनी बिडी पेटवली.

“सर, एक गंमत सांगू? त्या बाहीच्या खांबाखाली चार काड्या जातात. हितं एका काडीत पेटती. तुमच्या यंत्राला वारं कळावं कसं? ते तर बिडी प्यायच्या जागंवर बसवलंय.”

त्या प्रकल्पात झालेला हा एकमेव प्रयोग. मी तो काड्यांच्या संख्येसह नोंदवून दिल्लीला पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पहिल्या परिच्छेदात, परिसरात धूम्रपान केल्याबद्दल मास्टरांना नोटीस. दुसऱ्यात निर्णय: भिंत पाडता येणार नाही, तिच्यावर मान्यवरांची नावं आहेत. यंत्र हलवता येणार नाही, त्याचं उद्घाटन झालेलं आहे. दोन साधनांच्या परस्परविरोधी नोंदींमुळे संभ्रम निर्माण होतो, सबब विंडसॉक काढून टाकावा.

विंडसॉक काढला. मी निषेधाचं पत्र लिहिलं. त्याला आवक क्रमांक मिळाला.

विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरवायचं असतं. वारा पाठीशी असला तर ते थांबायचं नाव घेत नाही. चौथ्या दिवशी शिरूर अनंतपाळची एक मुलगी एकटीने उडत होती. तिला कक्षातून पडदा वाचून सांगितलं: वारा शांत. शांत वाऱ्यात बाजू कोणतीही चालते, म्हणून ती पश्चिमेकडून उतरू लागली, पाठीवर सगळा वारा घेऊन. मी खिडकीत उभा होतो. विमान जमिनीला टेकेना, टेकलं तर थांबेना. डांबर संपलं, गवत लागलं, आणि मास्टरांच्या घरामागच्या कुंपणापासून दोन हातांवर ते एकदाचं थांबलं. मी धापा टाकत पोचलो तेव्हा ती खाली उतरून गवताकडे बघत होती.

“सर, गवत कुंपणाकडं झुकलंय. मग शांत कसं म्हणाले?”

माझ्या रजिस्टरात सगळं बरोबर लिहिलेलं होतं. तिला त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मास्टरांच्या गच्चीवर, बोअरच्या जुन्या पाइपावर, बाही फडकत होती. मी म्हटलं, “मास्टर, आणखी एक नोटीस येईल.”

“येऊ द्या की. कागदात कुंपणाच्या आतलं लिवलंय. माझी गच्ची भाईर हाय.” मग जरा थांबून म्हणाले, “पोरगी माझ्या न्हाणीत घुसली असती, सर.”

प्रकल्पाच्या समारोपाला साहेब छोट्या सरकारी विमानाने आले. पश्चिमेचा वारा जोरात होता. विमानाने मास्टरांच्या गच्चीवरून एक फेरी मारली आणि पूर्वेकडून, वाऱ्याच्या तोंडावर, अलगद उतरलं. साहेब थेट पडद्यासमोर गेले. शून्य. “बघा,” ते आम्हाला म्हणाले, “वारा शांत. उतरताना पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही.” टाळ्या झाल्या. माझ्याही हातांनी दोन वाजवल्या, सवयीने.

पायलट पाणी प्यायला आत आला. पडद्याकडे त्याने बघितलंही नाही. ग्लास ठेवून त्याने मला हळूच विचारलं, “ती शेवटची गच्ची कुणाची?”

मी सांगितलं.

“त्यांना म्हणावं, काढू नका.”