फुवांचा फिरता कारखाना

मजुरीच्या भावाला भिऊन चालता कारखाना उचलून गाव सोडणारा माणूस साऱ्या पश्चिम खानदेशात एकच होऊन गेला, आणि आमच्या नशिबाने तो आमच्या आत्याचा नवरा निघाला. आमच्या तापीकाठच्या गुजर घरांत आत्याच्या नवऱ्याला फुवा म्हणतात. फुवांच्या घरी कापूस, केळी, ऊस सगळं होतं. बांधावर उभं राहून गड्यांवर ओरडत त्यांना सुखाने आयुष्य काढता आलं असतं. पण नंदुरबारला पहिली मोटार आली तेव्हा सगळं गाव तिच्यात बसायला धावलं आणि फुवा धोतर सावरत तिच्याखाली जाऊन आडवे झाले. बाहेर आले ते शेतीतून कायमचे उठूनच.

त्या काळी मुंबईच्या कंपनीकडून मोटारीचा नुसता सांगाडा यायचा. चार चाकं, इंजिन आणि हातात धरायचं चक्र. हाकणारा बिचारा रॉकेलच्या खोक्यावर बसून तो स्टेशनातून कारखान्यापर्यंत आणायचा. त्यावर सागाची चौकट, पत्रा, बाकं आणि छत चढवून प्रवासी मोटार उभी करायची, हा फुवांचा धंदा. खरं तर तो मिस्त्रींचा धंदा. मिस्त्री सुताराचे, मूळचे दमण्या, म्हणजे बैलांच्या हलक्या गाड्या, करणारे. फुवा फक्त शेजारी उभे राहून सांगाड्याशी बोलायचे. दोघांचं इतकं जमायचं की आत्या म्हणायची, लग्न माझ्याशी लागलं पण संसार मिस्त्रींशी चाललाय.

फुवा कंजूष होते असं कोणी म्हटलं तर मी भांडेन. मिस्त्रींच्या थोरलीचं लग्न फुवांनी लावलं, वरातीला घोडासुद्धा त्यांचाच. दिवाळीला कारागिरांना तुपाचे डबे जायचे. कोणी आजारी पडलं तर फुवा डॉक्टरसकट दारात हजर. पण रोजाचा भाव वाढवा म्हटलं, की हा देवमाणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. त्यांचं त्यामागे एक तत्त्व होतं. "देनं येगळं, भाव येगळा. देनं आज दिन्हं, सकाय नही दिन्हं. भाव एकदाव चढना का तो उतरत नही." या तत्त्वापुढे मी, म्हणजे शाळेत मास्तर असलेला त्यांचा भाचा, सपशेल हात टेकले होते.

जिथे जातील तिथे मजुरीची चौकशी करणं हा त्यांचा दुसरा छंद. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो असताना मुलीचं नाव विचारायच्या आधी त्यांनी तिच्या वडिलांना विचारलं, "तुमनाकडे सुतारले रोज काय?" ते लग्न जमलं नाही. आणि गावाची मजुरी ओळखायची त्यांची खूण म्हणजे पाय. बाजाराच्या दिवशी चिंचेखाली उकिडवे बसून ते येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघायचे. अनवाणी पाय जास्त, तर मजुरी स्वस्त. पायांत नव्या वहाणा दिसू लागल्या, की फुवा बाजार अर्धा टाकून घरी यायचे.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि अशा वहाणा जिकडेतिकडे दिसू लागल्या. लष्करी कामं निघाली, सुतार-लोहारांना चहूकडून बोलावणी येऊ लागली. एका सकाळी मिस्त्री रंधा खाली ठेवून म्हणाले, "शेठ, भाव वाढाडा. नहीतं मले सुरतले जानं पडी. घर चालत नही." फुवांनी नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड केलं. त्याच आठवड्यात कंपनीचा माणूस येऊन बजावून गेला की कामाचा दर वाढणार नाही, आणि पावसाळ्याआधी मोटार तयार नसेल तर पुढचे सांगाडे दुसरीकडे जातील. मिस्त्री जाणार की कारखाना, एवढाच प्रश्न उरला. फुवांना दोन्ही हवे होते. त्या साहेबाने बोलता बोलता सांगितलं, की कंपनीच्या मायदेशात मजुरी भडकली म्हणूनच तर त्यांनी मोटारी खोक्यांत भरून मुंबईला जोडायला आणल्या. हे ऐकून फुवांचा चेहरा उजळला. "ऐकं का? ते समुंदर ओलांडी उनात! आपले तं नुसती तापी ओलांडनी शे."

मिस्त्रींना त्यांनी गळ घातली, की नव्या जागी हाताखालची माणसं स्वस्त मिळू देत, मग तुमचं बघू. मिस्त्री भला माणूस, थांबले. आधी कारखाना तापीच्या अलीकडेच, धानोऱ्याला गेला. महिनाभर आनंद होता. मग तिथल्या माणसांना कळलं, की आपल्याकडे काम आहे म्हणजे आपल्याला भावही आहे. एका बाजारी फुवा चिंचेखालून धावत आले ते कपाळावर हात मारतच. "वहाना! बठ्ठासना पायमां वहाना!" मी म्हटलं, "फुवा, सगळ्यांच्या पायांतल्या त्या वहाणा तुमच्याच पैशाच्या आहेत." ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मग ब्राह्मणपुरी. सांगाडा दोन नावा एकत्र बांधून तापीपार नेला. तिथे तर भाव आमच्या आधीच जाऊन बसला होता. कारखाना येतोय ही बातमी नावेच्या पुढे गेली होती.

तेव्हा कोणीतरी फुवांच्या कानात सांगितलं, की सातपुड्यात काठी गावाच्या बाजूला लोक घरं बांधतात ती मजुरीशिवाय. सगळे पाडे गोळा होतात, घरधनी जेवू घालतो, संध्याकाळपर्यंत घर उभं. त्याला लाहा म्हणतात. फुवा ऐकतच राहिले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "मजुरीच नही?" असं त्यांनी तीनदा विचारलं. मी शपथेवर सांगतो, मी अडवलं. आत्याने अडवलं. मिस्त्री नुसते हसले आणि हत्यारं बांधू लागले.

लाकडाच्या ठेकेदाराच्या गाडीवाटेने तो सांगाडा डोंगरात कसा चढवला ते सांगू नये. पुढे बैल, मागे आम्ही, आणि चक्र धरून बसलेले फुवा प्रत्येक वळणावर उगाचच भोंगा वाजवत होते. पाड्याच्या कारभाऱ्याने फुवांचं म्हणणं ऐकून घेतलं. चाकांवरचं घर बांधायचं हे त्याला फार आवडलं. ठरल्या दिवशी माणसं आली, बाया आल्या, ढोल आला. फुवांनी भात आणि बोकड दिले. मिस्त्री खुणा करून देत होते आणि माणसं सागाच्या सोटांवर तुटून पडली होती. दिवस मावळताना चौकट उभी राहिली होती. कारभाऱ्याच्या हौसेने मागच्या बाजूला बांबूचा कूडसुद्धा विणून झाला होता. फुवा ढोलापुढे नाचले. मी त्यांना त्यापूर्वी कधी नाचताना पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रा ठोकायला कोणी आलं नाही. फुवा कारभाऱ्याच्या दारात गेले. तो बाजारातली आमची बोली बोलायचा. शांतपणे म्हणाला, "लाहा रोज नसतो, शेठ. आते तुन्ही पाळी. मन्हा घरनं छप्पर शे. मंग त्या पाड्यामां, मंग तठे टेकडीवर." फुवांनी खिशात हात घातला. कारभाऱ्याने तो हात धरून बाहेर काढला. "पैसा नही. तू ये."

इथे दुसरा कोणी असता तर सांगाडा घेऊन रातोरात उतरला असता. मीही तेच सुचवलं. फुवा माझ्यावर असे ओरडले की ढोरं उठून उभी राहिली. "मन्हा घर बांधाले ते उनात, आनि मी पळी जाऊ?" साठीचा माणूस कासोटा मारून छपरावर चढला. मिस्त्री त्यांच्याबरोबर. मी शाळेसाठी खाली आलो. जाताना वळून बघितलं तर फुवा बांबू पेलत होते आणि पाड्यातल्या बाया त्यांच्या टकलाला हसत होत्या. मला हसू आलं नाही. पाऊस किती जवळ आलाय ते मला दिसत होतं.

कंपनीचा माणूस ठरल्या वेळी आला. अर्धवट मोटारीची हकीकत त्याने माझ्याकडून ऐकली आणि पुढचे सांगाडे आता दुसरीकडे, एवढं सांगून टोपी घालून निघाला. मी पुन्हा डोंगरात गेलो तेव्हा फुवा टेकडीवरच्या घराचं छप्पर शाकारत होते. खाली उतरून त्यांनी विचारलं, "आते कंपनी पुढला सांगाडा कोठे देनार?"

"दक्षिणेत कुठेतरी. तिकडे माणसं स्वस्त आहेत म्हणे."

फुवांनी हातांवरची माती धोतराला पुसली. मग म्हणाले, "बराबर शे. मी बी तेच करतु ना." त्या साहेबाचा त्यांना राग आला नाही. राग मला आला, साहेबाचा, फुवांचा, सगळ्यांचाच. तो मातीने भरलेला माणूस मात्र पुन्हा शिडी चढायला लागला होता.

अर्धी मोटार उतरवून पुढे धाडली आणि आम्ही तापीवर आलो. फुवांची वाट नंदुरबारची होती. मिस्त्रींना सुरतेकडे जायचं होतं. नावेतून उतरल्यावर मिस्त्री फुवांच्या पाया पडले आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावून चालू लागले. ते वाळूत थोडे पुढे गेले असतील, तोच फुवा मागून हाक मारत धावले.

"मिस्तरी! भाव वाढाडी देसू. तुम्ही सांगशात तो."

मिस्त्री थांबले. आयुष्यभर हे वाक्य ऐकण्यासाठी थांबलेला माणूस तो. पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, फुवांविषयी कणव होती. अगदी हळू म्हणाले, "आते काम कोठे शे, शेठ?"

 फुवांनी मिस्त्रींच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली आणि त्यांच्यासोबत स्टेशनच्या वाटेला लागले. मी मागून चालत होतो. फुवा ते जड ओझं घेऊन इतके सावकाश चालत होते, की गाडी चुकावी असंच त्यांच्या मनात असावं. माझ्याही मनात तेच होतं. गाडी मात्र त्या दिवशी वेळेवर आली.