अकरा वाजताचा सीमेवरचा फोन

रोज सकाळी अकराला कुमुद सबनीस फोन उचलायची, तेव्हा दुबईच्या बर दुबई भागातल्या तिच्या ऑफिसात कुणी तिच्या टेबलाशी फिरकत नसे. फिरकलंच तर हातानेच ‘थांब’ अशी खूण मिळायची. एरवी दिवसभर तिच्याशी बोलायला तसंही कोण जात होतं म्हणा! मालवाहतुकीची कंपनी, सतरा माणसं, त्यातली सोळा पस्तिशीच्या आतली आणि कुमुद एकोणसाठची.

तिच्याकडे युगांडाला जाणाऱ्या मालाचे कागद असत. युगांडाला समुद्र नाही. दुबईच्या जबल अली बंदरातून निघालेला कंटेनर केनियातल्या मोंबासा बंदरात उतरतो आणि तिथून ट्रकने अख्खा परका मुलूख ओलांडून युगांडाच्या सीमेवर पोचतो. म्हणजे स्वतःच्या घरी साधा फ्रीज न्यायचा तरी शेजाऱ्याच्या अंगणातून न्यायचा. कागदावर ‘पुढे युगांडाकडे’ हे दोन शब्द राहिले, तर शेजारी म्हणणार, हा तर आमचाच माल, भरा जकात. कुमुदच्या हातून ते शब्द कधी राहिले नव्हते. याचा तिला गर्व होता आणि तो असायलाच हवा होता, कारण दुसरं कुणी तिचं कौतुक करत नव्हतं.

पण कागद बिनचूक असले म्हणून काय झालं? ट्रक सीमेवरच्या रांगेत आठ-आठ दिवस उभे राहायचे. कुठला ट्रक कुठे अडकला हे कळावं म्हणून कंपनीने तिकडच्या एका एजंटाकडे एक टेबल घेतलं होतं. त्या टेबलामागे हाफिजा बसायची.

सहा वर्षं रोज त्या दोघी बोलत होत्या. पहिली दोन मिनिटं ट्रकची आणि पुढची पंधरा स्वतःची. दोघींचं इंग्रजी यथातथाच, पण कुणाचं काही अडलं नाही. हाफिजाला तीन मुलं आणि डब केलेल्या हिंदी मालिकांचं भारी वेड. “ममा कुमुद, ती सासू खरंच मेली, की परत येणार?” ती काळजीने विचारायची. कुमुदला मालिकांचा मनापासून तिटकारा. तरी हाफिजाला उत्तर देता यावं म्हणून ती त्या बघायला लागली.

चार वर्षांपूर्वी कुमुदचे यजमान हेमचंद्र अचानक गेले. पंधरा दिवसांनी ती कामावर आली, अकराला फोन लावला, तेव्हा हाफिजा ट्रकबिक विसरून हमसून हमसून रडली. भेटायला आलेल्यांनी सगळं रीतसर केलं होतं, पण तिच्यासाठी असं मोठ्याने कुणी रडलं नव्हतं.

मुलगा दर्शन म्हणाला, “आई, इकडेच शिफ्ट हो ना, अबुधाबीला.” ती तिथे अल रीम आयलंडवर त्याच्याकडे आठ दिवस राहूनही आली. एकतिसावा मजला, मुलगा लॅपटॉपमध्ये, सून शुभ्रा मीटिंगमध्ये. नात अपूर्वाला “जेवलीस का गं?” विचारलं, की ती मान वर न करता “आय एम फाइन, आज्जी” म्हणायची. कुमुद दुबईला, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आपल्या एका खोलीत परत आली. इथे निदान कुणी इंग्रजीत उत्तर देत नाही, असं ती सांगायची. खरं तर त्या खोलीत उत्तर द्यायला कुणी नव्हतंच.

मग कंटेनरच्या दाराला लावायचं इलेक्ट्रॉनिक सील आलं. ट्रक कुठे आहे, दार उघडलं का, सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसायला लागलं. सीमेवरची तपासणीही दोनदाच्या ऐवजी एकदाच व्हायला लागली. तीन महिने पडदा आणि फोन दोन्ही चालले. मग मॅनेजर अंकुर तिच्याकडे आला.

“कुमुदताई, पॅरलल रन खलास. आता तुम्ही फक्त दोन लाइन लिहा, फोन फॉलो-अप लागतो की नाही. तुमचा एक्स्पीरियन्स आहे, हेड ऑफिस तुमचंच मानेल. थर्सडेपर्यंत. यल्ला, चला लवकर!”

कुमुदला उत्तर ठाऊक होतं. पडदा कधी चुकला नव्हता, आणि फोनवरची बातमी नेहमी शिळी असायची. एकदा नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं सीमेवर एकोणीस दिवस पडून होती. आता तोच प्रवास चार दिवसांत होत होता. पण फोन बंद झाला तर दिवसातलं बोलणंच संपणार होतं. ‘फोनमुळे काही अडचणी लवकर कळतात,’ असं तिने लिहिलं. ते धडधडीत खोटं होतं. तीन दिवस ते वाक्य तिने ठेवलं, आणि गुरुवारी खोडून ‘फोनची गरज नाही’ असं लिहून पाठवून दिलं.

त्या दिवशी अकराला तिने हाफिजाला ट्रकचा नंबर सांगितला, “आज घाई आहे गं” म्हणाली आणि फोन ठेवला. आणखी एक शब्द बोलली असती तर रडू फुटलं असतं. उद्या नीट सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी धीर झाला नाही. पुढच्या सोमवारपासून फोन बंद करायचा हुकूम आला.

तीन आठवडे तिने कसेबसे काढले. मग एका रविवारी, जेवण झाल्यावर, तिने हाफिजाचा घरचा मोबाइल लावला. दुबईत व्हॉट्सॲप कॉलला बंदी, म्हणून सरळ साधा कॉल.

“ममा कुमुद! कुठली गाडी अडकली?” हाफिजाने घाबरून विचारलं.

“कुठलीच नाही. मला करमेना, म्हणून केला.”

हाफिजा हसली. “मी आता घरीच असते. ते टेबल काढलं ना. दुबईहून कुणीतरी लिहिलं म्हणे, फोनची गरज नाही.”

तीन दिवस कुमुद त्या वाक्यापुढे बसली होती आणि तीन दिवस फक्त स्वतःच्या एकटेपणाचा विचार करत होती. फोन गेला की त्यामागचं टेबल जाणार, टेबलामागची बाई जाणार, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ‘कुणीतरी’वर सोडून देणं सोपं होतं.

“मी लिहिलं,” ती म्हणाली.

“खोटं लिहिलंस?” हाफिजाने विचारलं.

“नाही.”

“मग बरोबर केलंस. आमचं घर रस्त्यालाच आहे, गाड्या भराभर जाताना दिसतात. पण आधी मला सांगायचंस. गुडघा दुखला तरी मला सांगायचीस तू.”

“चुकलं माझं,” कुमुद म्हणाली.

“बरं,” हाफिजा म्हणाली. मग धाकटं रडतंय म्हणाली आणि फोन ठेवला.

धाकटं रडत नव्हतं. रडत असतं तर कुमुदला ऐकू आलं असतं.