मोहरीचा हिरवागार पाला

बन्सीला जन्मात एकच काम नीट जमलं, ते बढाया मारायचं. देवळाली प्रवरेजवळच्या एका शेतकी फार्मावर तो राखणदार होता, पण चालायचा असा, की जणू फार्म सासऱ्यानं आंदण दिलाय. सासऱ्यानं खरं तर म्हैस दिली होती. त्या म्हशीच्या दुधावर घर चालायचं आणि ते बायको, कडूबाई, चालवायची.

बहात्तरच्या दुष्काळात हिरवं पान दिसेना. कोल्हारकडून उसाचं वाढं यायचं. त्या वाळक्या शेंड्यांसाठी बाया-माणसं गाडीमागं रांग लावायची. बन्सीला रांगेत उभं राहायची लाज. एक दिवस तो फार्मावरून मोहरीच्या पाल्याचा भारा घेऊन आला.

"साह्यबानं दिला. माझ्यावर लई मर्जी हाय त्याची."

कडूबाईला मर्जीचं खरं वाटलं नाही, पण पाला तुकतुकीत होता. म्हैस तुटून पडली. मग रोजच भारा येऊ लागला.

महिना-दीड महिन्यानं म्हशीच्या शेपटीचा गोंडा गळाला. खुरांना आडव्या भेगा पडल्या. पाय टेकताना ती कण्हायची. दूध आटलं. बन्सीनं भर गल्लीत बोट केलं ते शेजारच्या लंकाबाईकडं. "हिचीच नजर लागली! रोज दावनीकडं टक लावून बघती."

लंकाबाई विधवा, एकटी. तिच्याकडून लोक ताकसुद्धा घेईनात. बन्सीनं म्हशीच्या गळ्यात बिब्बा बांधला आणि दुसऱ्या हातानं तोच पाला पुढं टाकला.

कडूबाईनं पाल्याची एक जुडी पदरात बांधली आणि फार्म गाठला. तरणा साहेब विटांच्या वाफ्यांपाशी उकिडवा बसला होता. जुडी बघून तो ताडकन उठला.

"बाई, हे जनावराला घातलं? या मातीत मी प्रयोगासाठी सेलेनियम कालवलंय. विष आहे ते. बन्सीला दहादा बजावलं होतं, पानसुद्धा नको म्हणून!"

"मंग मोहरी कशी मेली न्हाई?"

"सेलेनियम हा गंधकाचा भाऊबंद. झाड त्याला गंधक समजून आत घेतं. ही ज्वारी बघा, तिनं त्याला आपल्या अंगाच्या बांधकामात वापरलं, म्हणून खुरटली. मोहरी बेरकी. ती त्याचं रूप बदलते, बांधकामाला हात लावू देत नाही, पानात बाजूला साठवून ठेवते. तिला त्रास नाही. खाणाऱ्याला आहे." मग त्याचे डोळे चमकले. "पाला बंद करा, सुधारेल म्हैस. पण शेपटीचे गळालेले केस मिळतील का? तपासायला हवेत."

कडूबाईनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. एकानं चोरून घातलं आणि याला केसांची पडलीय.

त्या सांजेला तिनं जुडी चिरली, लसूण-मिरचीची फोडणी दिली आणि भाजी भाकरीवर वाढली. लंकाबाईला हाताला धरून ओट्यावर आणून बसवलं. तमाशा बघायला गल्ली आपसूक जमली.

"खावा," ती बन्सीला म्हणाली. "म्हशीला घातला तोच पाला हाय. साह्यबानं मर्जीनं दिल्याला."

बन्सीनं ताट लांब सारलं. "भूक न्हाई मला."

"एक घास घ्या. पाल्यात काय बी न्हाई, समदा दोष नजरंचा, तुमीच म्हनला ना?" तिनं घास मोडून त्याच्या तोंडाशी नेला.

"आगं मारती का काय मला!" बन्सी भिंतीला चिकटला. "इख हाय त्यात!"

सगळ्या माना लंकाबाईकडं वळल्या. लंकाबाई उठली, पदर नीट केला. बन्सीकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. "कडूबाई, सकाळी ताक धाडते गं," म्हणून घरी गेली.

कडूबाईनं भाजी खड्डा करून पुरली. उजाडताच बन्सीच्या अंगावर दोर फेकला.

"वाढ्याची गाडी यायची येळ झाली. रांगंत उभं ऱ्हावा. आन् कुनी इचारलं तर सांगा, साह्यबाची मर्जी उतरली म्हनून."