शुबरातीच्या डोलीतला दगड

कुणाच्या घरची बाई किती वजनाची, हे डोली वाहणाऱ्या शुबराती कहाराला कळू नये म्हणून मलिकगंज गाव वर्षानुवर्षं कष्ट घेत आलं होतं. खानदानी घरची लेक डोलीत बसली की मोलकरीण पडद्याआड एक दगडही सरकवायची. बसा आता अंदाज बांधत! पण शुबरातीचा खांदा वीस वर्षांचा मुरलेला. वळणावर माणूस चुळबुळतं, दगड गप्प बसतो, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. कळलेलं बोलायचं नाही, हे त्याच्या बापाने त्याही आधी शिकवलं होतं.

मीर वजाहत हुसेन लाटसाहेबांच्या कौन्सिलात बसत आणि सुट्टीत गावाला सुधारत. त्यांनी मुलींची शाळा काढली. शरीफ घरच्या मुली शिकल्याशिवाय कौम वर येणार नाही, असं ते जुम्म्याच्या नमाजानंतर तासभर बोलले. मीरसाहेबांना तोंडावर नाही म्हणायची गावात रीत नव्हती. बारा घरांनी माना डोलावल्या, बारा नावं पटावर चढली. तीन डोल्यांना रोज चार-चार खेपांचं काम लागलं. त्यातली एक शुबराती आणि त्याचा जोडीदार मैकू यांची.

हकीमजींची नात कनीज डोलीत बसल्या बसल्या धडा घोकायला लागायची, ते थेट शाळेच्या दारातल्या ड्योढीपर्यंत. पुढच्या दांड्याला मैकू रस्त्याच्या हाळ्या द्यायचा, मागच्या दांड्याला शुबराती ऐकत चालायचा. संध्याकाळी तोच धडा तो आपल्या आठ वर्षांच्या बफातनला म्हणून दाखवी. त्याला स्वतःला उर्दूतला पहिला अलिफही ओळखता येत नव्हता, पण पोरगी घडाघडा म्हणू लागली की त्याला दुनियेत काही म्हणता काही कमी वाटत नसे.

तहसीलदारांची लेक मात्र सात महिन्यांत एकदाही चुळबुळली नव्हती.

"फार शहाणी पोरगी," शुबराती पहिल्या आठवड्यात म्हणाला.

"शहाणी कसली? धोंडा आहे नुसता," मैकू म्हणाला.

शाळेत शिकवणाऱ्या उस्तानीजी पडदा उघडत, धोंडा बघत, पडदा सोडत आणि हजेरी मांडत. तहसीलदारांचा शब्द राहत होता, मीरसाहेबांचा मान राहत होता. वाहणारा मुकाट वाहत होता.

मग पत्र आलं. अलाहाबादहून तपासणीला मेमसाहेब येणार. बारातलं एक डोकं जरी कमी भरलं तर सरकारी मदत बंद आणि शाळेला कुलूप.

"उद्या तरी धोंडा आणू नकोस रे बाबा," तपासणीच्या आदल्या संध्याकाळी दाराआडून उस्तानीजी म्हणाल्या.

"मी कुठं आणतो, उस्तानीजी? देतात ते वाहतो."

दुसऱ्या दिवशी तहसीलदारांकडून धोंडाच आला. शाळा बंद म्हणजे कनीज घरी, आणि कनीज घरी म्हणजे बफातनचा धडा संपला. आपल्या गल्लीच्या तोंडाशी शुबरातीने डोली खाली ठेवली.

"काय झालं? खांदा गेला?" मैकूने विचारलं.

शुबरातीने धोंडा काढून भिंतीशी ठेवला आणि घराकडे हाक मारली. "बफातन, तोंड धू आणि बस आत."

"अरे, तहसीलदार सालटी सोलतील तुझी."

"कशाबद्दल? त्यांचं काय हरवलंय? धोंडा इथंच आहे, संध्याकाळी परत देऊ."

शाळेत मीरसाहेब बांबूच्या चिकाच्या पडद्याबाहेर ओसरीवर बसले होते, कहार ड्योढीत. मेमसाहेबांनी आत डोकी मोजली. बारा भरली. मग त्यांनी सगळ्यात लहान मुलीकडे बोट केलं, धडा म्हण. बफातन उभी राहिली आणि वडिलांकडून जसा मिळाला तसा तिने धडा म्हटला.

"पहाट झाली, कोंबडा आरवला. सांभाळ, डावीकडे खड्डा. कामसू माणूस उठला, शेतावर गेला. हळू रे, पुढं म्हैस. आळशी माणूस झोपून राहिला. खांदा बदल."

उस्तानीजींनी डोळे मिटून घेतले. मेमसाहेबांचं उर्दू बेताचंच होतं. म्हैस त्यांना धड्यातलीच वाटली. त्यांनी खूश होऊन मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

बाहेर मीरसाहेब ताठ बसले होते. मेमसाहेबांची बग्गी गेल्यावर त्यांनी शुबरातीला बोलावलं.

"ही कुणाची?"

"माझी, हुजूर."

"आणि तहसीलदारांची?"

"त्यांच्याकडून सात महिने दगडच येतो, हुजूर. मी रोज आणला. पण मेमसाहेबांपुढं तो धडा कसा म्हणणार?"

मीरसाहेब दाढीवरून हात फिरवत राहिले. शरीफ घरं मोजताना कहाराचं घर त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माणूस मनाने चांगला, त्यामुळे लाज लपवता येईना.

"आमच्या पुस्तकात म्हैस नाही," शेवटी ते म्हणाले.

"रस्त्यात आहे, हुजूर."

तेव्हा कुठे ते हसले. "उद्यापासून पोरीला पाठव. आणि पायी नाही. बाकीच्यांसारखी डोलीतून येईल ती."

दुसऱ्या दिवशी बफातन डोलीत बसली. शुबराती दांड्याला हात घालणार, तोच बायको म्हणाली, "जरा तिकडं तोंड करा."

त्याने भिंतीकडे तोंड केलं. तिने घरातला मसाल्याचा पाटा उचलून आणला आणि पडद्याआड सरकवला.

"अगं वहिनी, बाप आहे तो तिचा," मैकू म्हणाला. "त्याला वजन ठाऊक नाही होय?"

"शाळेत जाते ती आता," ती म्हणाली, आणि तिने पडद्याची गाठ घट्ट बांधली.

शुबरातीने मागचा दांडा उचलला. वाटेत मैकूने दोनदा 'खांदा बदल' अशी हाळी दिली, पण शाळा येईपर्यंत त्याने खांदा बदलला नाही.